दुसरी धावपट्टी

विमान थांबलं तेव्हा मागे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्यांना वाटलं, काय झोकात उतरवलं! इकडे ब्रेक इतके करकचून लागले होते की टायरमधून धूर निघत होता, आणि पुढे धावपट्टी जवळजवळ संपलीच होती. समोर कुंपण आणि कुंपणापलीकडे कोणाचं तरी वाळत घातलेलं धुणं. मोठ्या विमानतळाला खेटून कोणी चादरी वाळत घालत नाही, एवढं सहवैमानिकाला कळत होतं.

"अरे, हे कुठे आलो आपण?" कॅप्टन म्हणाले.

सहवैमानिकाला माहीत होतं.

कॅप्टनना सगळे मास्तर म्हणत. निम्म्या कंपनीला त्यांनीच उडायला शिकवलं होतं, यालाही. त्या शहराला विमानतळ दोन. एक मोठा, आणि त्याच्या अलीकडे, त्याच दिशेला तोंड करून, शिकाऊ विमानांचा एक छोटा. संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. "पट्टी दिसली," मास्तर म्हणाले. आता या धंद्यातला रिवाज असा, की एकाला दिसून भागत नाही. दुसऱ्यानंही स्वतः बाहेर बघायचं, 'दिसली' म्हणायचं, मगच उतरायचं. सहवैमानिकानं मान वर करून बघितलं. त्याला दोन पट्ट्या दिसल्या. एक समोर, आखूड. दुसरी पुढे धुरकट उन्हात, चांगली लांबलचक. आणि हा शहाणा म्हणाला, "दिसली, सर."

का म्हणाला? तर आदल्याच आठवड्यात असं झालं होतं, की उतरता उतरता त्याला पट्टीवर काहीतरी काळं दिसलं आणि तो "वर घ्या" म्हणून ओरडला. दोघांपैकी कोणीही तसं म्हटलं की दुसऱ्यानं वाद न घालता विमान वर घ्यायचं, हा नियम मास्तरांनीच त्याला घोकून घेऊन शिकवलेला. त्यांनी मुकाट्यानं घेतलंही. ते काळं म्हणजे ढगाची सावली निघाली. विमान एक फेरी मारून उतरलं, कोणाचं काही बिघडलं नाही. पण कँटीनमध्ये हा शिरला तसे मास्तर मोठ्यानं म्हणाले, "सरका रे, आमचे फेरीवाले आले!" सगळे हसले. हाही हसला. लाज वाटली की माणूस जरा जास्तच हसतो.

म्हणून या वेळी शब्द ओठांपर्यंत आला आणि त्यानं तो गिळला. पुन्हा हसं नको. मागे विमानभर माणसं बसली आहेत, हे त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही, आणि हीच गोष्ट पुढे त्याला सर्वांत जास्त खात राहिली.

प्रवाशांना बसमधून मोठ्या विमानतळावर नेलं. एक आजीबाई खाली उतरताना म्हणाल्या, "अहो, टॅक्सीवालासुद्धा खिडकीतून डोकं काढून पत्ता विचारतो!" बस हसली. दुसऱ्या दिवशी सगळं गावच हसत होतं.

चौकशी बसली. मास्तरांनी आधीच सांगून टाकलं, की पट्टी मी ओळखली, त्याची मान खाली यंत्रांच्या काट्यांवर होती, माझ्या भरवशावर त्यानं हो म्हटलं, दोष सगळा माझा. त्यांचं उडणं संपल्यातच जमा होतं. पण कंपनीनं एवढं केलं, की शिकवायला त्यांना ठेवून घेतलं. तेवढ्यानंही मास्तरांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

विमानातल्या यंत्रात आवाज नोंदले जातात. नजर कुठे होती ते कोणतंच यंत्र सांगत नाही. म्हणजे हा सुटला होता.

"तू बोललास तर त्यांचं काय भलं होणार आहे?" बायको म्हणाली. "आणि आपलं वाटोळं होईल ते वेगळंच. गप्प बस."

तिचं चुकत नव्हतं. म्हणूनच तो तिच्यावर चिडला आणि ताटावरून उठला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

चौकशीच्या खोलीत तिघं बसली होती. मधल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही स्वतः बाहेर पाहिलं होतं?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं.

"पाहिलं होतं," तो म्हणाला. "दोन पट्ट्या दिसल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"हसतील म्हणून."

मोठ्यानं म्हटल्यावर ते कारण इतकं क्षुल्लक वाटलं, की त्याला मान वर करवेना.

बाहेर बाकावर मास्तर बसले होते. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते ओरडतील असं त्याला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुला दिसली होती?" त्यांनी हळूच विचारलं. "मला खरंच वाटलं रे, तुझी मान खाली होती."

म्हणजे त्यांनी याला वाचवायला खोटं सांगितलं नव्हतं. जे वाटलं तेच सांगितलं होतं. आपण शिकवलेला मुलगा बघूनही गप्प बसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"एक सांग. त्या दिवशी माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर बोलला असतास?"

याला 'नाही' म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. आत चौकशीत खरं बोलताना स्वतःचंच जाणार होतं. हे खरं मास्तरांचं उरलंसुरलं घेऊन जाणार होतं. पण ते त्याच्याकडे बघत होते, आणि खोटं त्यांना लगेच कळलं असतं.

"हो, सर."

मास्तरांनी हात पुढे केला.

"तुझा फोन दे जरा. ट्रेनिंगवाल्यांना कळवतो, मी शिकवायला येत नाही म्हणून."