चार नंबरचे बूट

"इंटरव्ह्यूला हे घालून जाणार? नांगर धराय चाललीयास काय गं?"

शाहूपुरीतल्या मामीचा आवाज जिन्याखाली ऐकू गेला. पूर्णिमा शांतपणे सेफ्टी बुटांच्या नाड्या आवळत होती. काळे, जाड तळाचे, बोटांवर पोलादी टोपी असलेले बूट. नेसरीच्या शेतकऱ्याची ही पोरगी मेटलर्जीचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी आज तिची मुलाखत होती. मामीनं हौसेनं उंच टाचांचे सँडल आणून ठेवले होते.

"टाचा वाजल्या म्हंजे साहेब वर बघतोय," मामी म्हणाली.

"बघून काय करायचं? गेल्या खेपंला दुसऱ्या फौंड्रीत असलंच सँडल घालून गेलतो. पोरांना बूट दिलं, आत भट्टी दाखवाय नेलं. मला म्हणालं, मॅडम, तुमच्या मापाचं न्हाईत, हितंच बसा, चहा घ्या. मग पोरांना इचारलं, आत काय बघितलं? मला इचारलं, टायपिंग येतंय काय?"

मामीनं सँडल बाजूला सारले. मग फडकं घेऊन खाली बसली. "पाय पुढं कर. धूळ हाय त्यावर."

चपलांमुळं जग ज्याला ओळखतं, त्या आपल्या कोल्हापुरात या पोरीला मापाचा सेफ्टी बूट मिळाला नाही! "बायका असलं घालत न्हाईत," म्हणून दुकानदारानं वाटेला लावलं. शेवटी तिनं चार नंबरचा जोड पुण्याहून मागवला. लाज वाटायची असेल तर आपल्याला वाटू दे.

फौंड्रीत पाच पोरं आणि दोनच मुली. दुसरी ऐश्वर्या, जयसिंगपूरची, नव्या कोऱ्या हिल्समध्ये अवघडून बसलेली. मॅनेजर उदयसिंह आले आणि पोरांना म्हणाले, "रॅकवरचे बूट घाला, राउंड मारू. मुलींनी इथंच थांबा. सातच्या खालचा नंबर नाही आपल्याकडं. तुमच्या पायांच्या काळजीपोटीच सांगतोय."

"मी घालून आलोय, साहेब."

उदयसिंहांनी खाली बघितलं. "अरे! मग चला तुम्ही."

पूर्णिमा दारापर्यंत गेली आणि थांबली. मागं ऐश्वर्या मान खाली घालून फाइल धरून बसलेली. जागा एकच. सरळ आत गेली असती तर स्पर्धेतली एक कमी झाली असती. तुम्ही-आम्ही गेलो असतो!

"साहेब, हिचं काय?"

"पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी कसं बघणार? आत पोरी न्हाईत म्हणून तुम्ही बूट आणत न्हाई, आणि बूट न्हाईत म्हणून पोरींना आत नेत न्हाई. जाहिरातीत 'महिलांनीही अर्ज करावा' म्हणून छापलंयसा. मग त्यांचे पाय काय घरी ठेवून यायचे?"

एक पोरगा फिसकन हसला. उदयसिंहांचा चेहरा लाल झाला. गेली हिची नोकरी, असंच सगळ्यांना वाटलं. पूर्णिमालाही वाटलं, पण ती जागची हलली नाही.

उदयसिंह रॅककडं बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "रोज इथनं जातोय. हे कधी डोक्यातच आलं नाही." त्यांनी ऐश्वर्याला नंबर विचारला आणि फोन उचलला. "राउंड दुपारी घेऊ. तोवर पाच नंबरचे लेडीज सेफ्टी बूट मिळतील तिथनं आणा. आणि स्टोअरला सांगा, यापुढं लहान नंबरही ठेवायचे."

दुपारी दोघी भट्टीपाशी उभ्या होत्या. साच्यांच्या काळ्या वाळूत टाचा घोट्यापर्यंत रुतल्या असत्या. दोघींनाही पोरांइतकेच कडक प्रश्न विचारले गेले.

नोकरी पूर्णिमाला मिळाली. ऐश्वर्याला नाही. गेटवर पूर्णिमा चाचरत तिच्याजवळ गेली, तर तीच हसून म्हणाली, "अगं, तोंड कशाला पाडतीस? न्हाई म्हणाले, पण मागच्या ठिकाणासारखं बाहेर बसवून न्हाई; ह्या खेपंला माझ्या डोक्याची परीक्षा घेऊन न्हाई म्हणाले की!"

नागरिकहो, हे वाक्य कानात ठेवा. मुलींनो, मुलाखतीला निघताना पायात काय घालायचं ते कामाच्या जागेकडं बघून ठरवा. तिथं ताठ उभं राहता आलं पाहिजे. आणि मालकांनो, समानतेचे फलक मागाहून लावा. आधी स्वतःच्या कारखान्यातला बुटांचा रॅक बघा. तिथं पोरीच्या मापाचा जोड नसेल, तर तुमची जाहिरात धडधडीत खोटी आहे!