एकोणीस कुंड्या

"कुणी घातलं पाणी?" हेमावतीने दारातूनच विचारलं.

टॉवेलच्या कारखान्यात लाईट गेली म्हणून शिलाईच्या बायकांना दुपारीच सोडलं होतं. घरी येऊन पाहते तर आतल्या खोलीत खिडकीखाली तळं साचलेलं. फळीवरच्या एकोणीसही कुंड्या काठोकाठ भरलेल्या.

"मी घातलं," खाटेवरून नवरा, वीरभद्रप्पा, म्हणाला. "सुकून मरायलेत म्हनून घातलं. बादलीभर."

"थंडीत पाणी न्हाय चालत त्यांना. कितीदा सांगितलं की तुमाला."

"मला शिकवती व्हय?"

सुपरवायझरबाईंच्या टेबलाखाली पडलेलं एक जाड पान तिने सहा वर्षांपूर्वी घरी आणून मातीत खोचलं होतं, ते रुजलं, त्याचा हा पसारा. पहिल्या हिवाळ्यात रोज पाणी घालून तिने तीन रोपं कुजवली. तेव्हापासून थंडीत ती आधी मातीत बोट खुपसून बघायची आणि पार कोरडी लागली तरच, वीसेक दिवसांनी, दोन चमचे पाणी द्यायची. दुपारचं ऊन सरकेल तशा कुंड्या सरकवायची.

तिने जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. एकेक रोप उपटून, मुळांची ओली माती झाडून वाळत ठेवू लागली. आजच केलं तर वाचणार होती.

वीरभद्रप्पा दारूच्या थेंबाला शिवत नव्हता, त्यामुळे गल्लीत तो चांगला माणूस होता. ट्रक चालवत होता तोवर महिन्यातून चार दिवस घरी असायचा आणि तेवढेच दिवस मारायचा. गुडघे गेले आणि तो कायमचा घरी बसला.

"आधी च्या टाक."

"एवढं झालं की टाकते."

तो उठला. चपला घातल्या आणि सावकाश वर्तमानपत्रांवर चढला. पानं फटफट फुटली, हिरवट पाणी उडालं. हेमावतीने दोन्ही हातांनी त्याचा पाय धरला. "अहो, नका, पुरे. साकू, साकू!" घाबरली की तिच्या तोंडून कानडीच यायची.

लाथ जबड्यावर बसली. मग त्याने केस धरून तिचं डोकं फळीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिच्या हाताला रिकामी कुंडी लागली.

पहिला घाव तिने न बघताच घातला. त्याच्या हातातून केस सुटले. तो खाली बसला, कपाळाला हात लावून रक्ताकडे बघत राहिला. दुसरा घाव मात्र तिने नीट बघून घातला.

आवाज ऐकून शेजारची अक्कम्मा धावत आली. दोघींनी मिळून त्याला रिक्षात बसवलं. रिक्षा सुटताना हेमावतीने मान बाहेर काढली. "अक्कम्मा, उरलेल्या कुंड्या उलट्या करून रोपं उनात वाळत ठेव. पाणी घालू नको."

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घालता घालता विचारलं, "कसं लागलं?"

"मोरीत घसरलो," वीरभद्रप्पा म्हणाला.

हेच वाक्य हेमावतीने याच डॉक्टरांना तीन वेळा सांगितलं होतं.

"घसरले न्हाईत," ती म्हणाली. "मी मारलं. दोनदा."

डॉक्टरांचा हात थांबला.

"गप बस की," वीरभद्रप्पा पुटपुटला. त्याचे डोळे खाली होते. "लोक काय म्हनतील?"

"आन् ते तीन येळा मीबी घसरले नव्हते, डॉक्टर."

"पोलिसांना कळवावं लागेल बाई. तुमच्यावरही येईल."

"येऊ द्या. कळवा."

नर्सने तिला पडद्याआड नेऊन स्टुलावर बसवलं. जबडा चाचपला, कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आणखी कुठं लागलंय?"

"आजचं सांगू, का सगळं?"

नर्सने तिच्याकडे पाहिलं. "सगळं."

हेमावतीने डोक्यावरचा पदर खाली घेतला, डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या, आणि सगळ्यात जुन्यापासून दाखवायला सुरुवात केली.