दरडोई अकरा रुपये दोन आणे

बसवराजने कानावरची पेन्सिल काढली आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

"अव्वा, या घरात खाणारी तोंडं किती?"

"एकच की. माझं." चंद्रव्वाने बांबूची कामटी पायाच्या अंगठ्यात धरून सुरीने तासली. "त्येबी अर्धंच. दात न्हाईत."

तिच्या मागे एक उंच कणगी उपडी घातलेली होती. कणगीच्या आत कोणीतरी खोकलं.

"कणगीत काय आहे?"

"काय असतंय कणगीत? जोंधळं."

"जोंधळ्यांना खोकला झालाय."

म्हातारीची सुरी थांबली. तिने त्याच्या टोपीकडे, मग हातातल्या छापील कागदाकडे पाहिलं.

"तू सरकारचा का, तम्मा?"

"चौकशीचा. मी नावं लिहीत नाही. घराचा नंबर आणि आकडे, एवढंच."

ती उठली आणि दोन्ही हातांनी कणगी वर उचलली. चारेक वर्षांची एक मुलगी बाहेर आली. डोळे चोळत ती झोपडीच्या मागच्या बाजूला गेली, तिथे टांगलेल्या झोळीला तिने एक झोका दिला आणि झोळीतून कुरकुर आली.

"तीन लिव मग," चंद्रव्वा म्हणाली. "पन कुनाची म्हनून इचारू नगंस. तुझ्या कागदावर तसा रकाना हाय का?"

"नाही."

"मंग झालं की."

बसवराजने तीन लिहिले.

पुण्याच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाल्यावर त्याला सोलापुरात परतून ही सहा महिन्यांची नोकरी मिळाली होती. शहर आणि शहराभोवतीचा मुलूख, यांत दर माणशी उत्पन्न कुठे किती पडतं ते काढायचं. साळ्यांच्या पेठा, गिरणीच्या चाळी, करकंबसारखं बाजाराचं गाव, कुर्डुवाडीची रेल्वेची घरं. घरात महिन्याला येणारे सगळे पैसे मिळवायचे आणि त्यांना खाणाऱ्या तोंडांनी भागायचं. बसवराजला हा भागाकार आवडला होता. त्यात कोणाच्या म्हणण्याला जागा नव्हती.

चंद्रव्वाची वस्ती शहराबाहेरच्या माळावर होती. चौदा झोपड्या, बहुतेक म्हाताऱ्यांच्या. तिथून पाऊण मैलावर तारेच्या कुंपणातली वसाहत दिसे. ज्या भटक्या जमातींना सरकारने कायद्याने गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांतल्या धडधाकट बायामाणसांना तिथे ठेवलेलं होतं. सकाळी ती गिरणीत जात, संध्याकाळी परत येत आणि फाटकात नावानिशी हजेरी देत. काम होत नाही अशा म्हाताऱ्यांची नावं पटावरून कमी करून त्यांना बाहेर सोडत. चंद्रव्वा अशीच चार वर्षांपूर्वी सुटलेली होती.

ऑफिसात हेडक्लार्क हिंदुराव तपकिरीची डबी उघडून बसले होते.

"या शास्त्रज्ञ. आज किती तोंडं मोजलीत?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि एकानंही विचारलं नाही, की मोजून झाल्यावर घालणार काय त्यांत?"

बसवराज हसला आणि तक्ता पुरा करायला बसला. साळ्यांच्या पेठेत दरडोई सहा रुपये नऊ आणे. करकंबात पाच रुपये. माळावरच्या वस्तीत दोन रुपये एक आणा. आणि सगळ्यांच्या वर, रेल्वेच्या घरांच्याही वर, तारेच्या कुंपणातली वसाहत: अकरा रुपये दोन आणे.

साहेबांनी तो आकडा दोनदा वाचला. ते पुण्याहून आलेले, मऊ बोलणारे, शिकलेले गृहस्थ होते.

"बसवराज, हे छापून येईल. लोक कुंपणाला नावं ठेवतात. कुंपणाच्या आत अकरा रुपये आणि बाहेर, पाऊण मैलावर, त्याच जमातीच्या माणसांना दोन. याचा अर्थ काय?"

"अजून मला नीट कळलेला नाही, साहेब."

"स्पष्ट आहे. कुंपण त्या वस्तीपर्यंत न्यावं, म्हाताऱ्यांनाही आत बसून करण्यासारखं काम द्यावं, अशी शिफारस मी करणार आहे. त्यांच्याच भल्याचं आहे."

बसवराजला तो आकडा खुपत होता. प्रयोगशाळेत एखादी सुई उगाच पुढे सरकली की तो आधी तारा तपासत असे. त्याने दोन्ही ठिकाणची माणसं वयाप्रमाणे पुन्हा मांडली. वसाहतीतल्या साठ घरांत पाच वर्षांखालची मुलं चार. माळावरच्या चौदा झोपड्यांत एकतीस. आणि त्या एकतिसांना जन्म देऊ शकतील अशा वयाच्या बायका माळावर होत्या फक्त तीन.

दुसऱ्या दिवशी त्याने वसाहतीचं जन्ममृत्यूचं पुस्तक मागून घेतलं. बाळंतपणाला रजा मिळे. बाई रजेवर बाहेर जाई आणि दीड महिन्याने एकटीच परत येई. शेऱ्याच्या जागी लिहिलेलं असे: मूल दगावले. पाच वर्षांत अशी सव्वीस. कुंपणाच्या आत दगावलेलं मूल मात्र एकच.

त्याने पुस्तक मिटलं आणि तडक माळावर गेला.

चंद्रव्वाने त्याचा चेहरा पाहून पोरीला बाहेर पिटाळलं.

"ही दोन्ही तुमच्या मुलीची ना?" तो म्हणाला. "कुंपणातल्या. भिमाची बायको. या दोघांच्या वयाला जुळणारी दोन मुलं पुस्तकात तिचीच दगावलीत."

"फुलाची." तिने पदराने तोंड पुसलं. "सा वर्साचं झालं की आत पोरास्नी येगळ्या घरात नेऊन ठेवत्यात. शाळा हाय, भाकरी हाय, समदं हाय. आईनं रईवारी जाऊन बगायचं. फुलाची थोरली तशीच नेली. दोन वर्सानं पोरगी आईला वळखंना. मंग फुला म्हनली, पुढची मेली म्हनून सांगू." तिने झोळीकडे पाहिलं. "आता तू कागदावर लिवनार?"

"नाही. पण न लिहिलं तर दुसरंच काहीतरी होतंय."

तिला ते समजेना. मग तो जमिनीवर बसला आणि तिने तासून ठेवलेल्या कामट्या मोजून बाजूला काढू लागला.

"भिमा आणि फुला मिळून सव्वीस रुपये आणतात. खाणारी दोघं. वाटणीला तेरा-तेरा. तुम्ही टोपल्यांचे चार आणता, खाणारी तिघं. वाटणीला सव्वा रुपया, वर थोडं. साहेब म्हणतात, बघा, आत माणूस सुखी आहे, कुंपण इथवर आणू. पण तुम्ही पाचही जणं एकाच घरची. तीस रुपये, पाच माणसं. सहा रुपये. म्हणजे साळ्याच्या घरापेक्षाही कमी."

चंद्रव्वाने कामट्यांच्या त्या लहानमोठ्या ढिगांकडे पाहिलं.

"म्हंजी," ती सावकाश म्हणाली, "आमची पोरं मेली म्हनून ती शिरीमंत झाली."

सहा महिन्यांत कोणी तो तक्ता इतक्या थोडक्यात वाचला नव्हता.

"तुमची पोरं कुठल्याच कागदावर येणार नाहीत," तो उठताना म्हणाला. "मी तो आकडाच गाळायला लावतो."

"गाळत्यात का सायेब लोक आकडं?"

"कारण दिलं तर गाळतात."

सोमवारी दुपारी त्याने साहेबांना कारण दिलं. वसाहतीत म्हातारी आणि लहान माणसं जवळजवळ नाहीत, तेव्हा दोन्ही ठिकाणं एका तक्त्यात मांडणं शास्त्राला धरून नाही. एवढंच. हे वाक्य त्याने रात्री तीन वेळा लिहून पाहिलं होतं.

"बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. ते खरोखर खूश झाले होते. "वयांची मांडणी केली आहे ना? दाखवा."

नाही म्हणायला बसवराजजवळ काही नव्हतं. केली नाही म्हणावं, तर हे कळलं कसं? त्याने दोन कागद पुढे ठेवले.

साहेबांनी ते शेजारी-शेजारी लावले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचं बोट एका कागदावरच्या चारच्या आकड्यावर थांबलं, मग दुसऱ्यावरच्या एकतीसवर. पंखा ओढणाऱ्याची दोरी तेवढी कुरकुरत होती.

"एकीकडे आया आहेत, मुलं नाहीत," ते म्हणाले. "दुसरीकडे मुलं आहेत, आया नाहीत."

"मोठं काम केलंत तुम्ही. वसाहत चालवणाऱ्यांना हे इतकी वर्षं दिसलं नाही." त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "माळावरच्या घरांचे कागद आणा. नंबर आहेत ना त्यांवर? उद्या सकाळी हवालदाराला घेऊन आपणच जाऊ. मुलांना त्यांच्या योग्य जागी पोहोचवायला हवं."

बसवराजने चौदा कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. साहेबांनी त्यावर हात ठेवला.

"तिकडे जाता येणार नाही, साहेब," बसवराज म्हणाला.

"का?"

"उंदीर पडलेत."

साहेबांचा हात गठ्ठ्यावरून निघाला. दारात उभ्या असलेल्या हिंदुरावांकडे त्यांनी पाहिलं. गेल्याच हिवाळ्यात प्लेगने शहरातल्या दोन आळ्या रिकाम्या केल्या होत्या.

हिंदुराव क्षणभर बसवराजच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"हो साहेब. परवापासून पडतायत. मी आज सांगणारच होतो."

"मग साथीच्या खात्याला कळवलं कसं नाही? आत्ता चिठ्ठी लिहा."

बाहेर व्हरांड्यात येऊन हिंदुरावांनी दौत उघडली आणि टाकाचं टोक उजेडात धरून निरखलं.

"टाक बिघडलाय," ते म्हणाले. "चिठ्ठीला तास लागेल. त्याच्यापेक्षा जास्त मला लांबवता यायचं नाही. सायकल आहे ना तुमच्याकडे?"

माळावर पोहोचेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्याने चंद्रव्वाला सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. तिने शिवी दिली नाही. तिने शेजारणीला एक हाक मारली, शेजारणीने पुढच्या झोपडीला. ही माणसं उठायला सरावलेली होती. चुली मोडल्या गेल्या, गाडगी एकमेकांत गेली, लहान पोरं पाठुंगळीला आणि अंगावरची पोरं टोपल्यांत गेली. अर्ध्या तासात चौदा घरं अक्कलकोटच्या वाटेला लागली.

चंद्रव्वा सर्वांत शेवटी निघाली. धाकट्याला तिने पाठीशी बांधलं होतं, मुलीने तिचा पदर धरला होता.

"फुलाला कोन सांगंल?"

"मी सांगतो. आजच."

"फाटकात शिपाई असतोय. पोरांचं नाव काडू नगंस." ती दोन पावलं गेली आणि वळली. "तिला वाटंल..." एवढं बोलून ती पुढे चालू लागली.

बसवराज सायकलीपाशी येतो तोवर साथीच्या खात्याची माणसं आलीच. हिंदुरावांना तासभरही लांबवता आलं नसावं. वस्ती रिकामी बघून त्यांच्या मुकादमाला नवल वाटलं नाही. उंदीर पडले की लोक घरं सोडतातच. मेलेला उंदीर शोधायला आत कोणी शिरलं नाही. मुकादमाने तोंडाला फडकं बांधलं, गवताच्या छपरांकडे हात केला, आणि गाडीतून घासलेटचे दोन डबे उतरले.

घरं जाळतील, हे बसवराजच्या मनात आलं नव्हतं. तो सायकल घेऊन वसाहतीकडे निघाला. चाक मध्येच पंक्चर झालं, तेव्हा तो सायकल हातात धरून पळू लागला.

तो पोहोचला तेव्हा गिरणीची माणसं परत येऊन फाटकाच्या आत रांगेत उभी राहिली होती. हवालदाराने पट उघडला होता.

"मला आत जायचंय. चौकशीचं काम आहे."

"हजेरी चालू हाय," फाटकावरचा शिपाई म्हणाला. "संपल्याबिगर कुनाला सोडायचं न्हाय. थांबा हितंच."

बसवराज तारेशी थांबला. त्याच्या पाठीमागे, माळावर, धूर सरळ वर चढत होता. वारा नव्हता. उन्हं उतरली होती आणि त्या उजेडात खालच्या ज्वाळा इथूनही दिसत होत्या.

नावं पुकारली जात होती. पुरुष वळून बघत आणि एकमेकांत कुजबुजत. बायकांच्या रांगेत मात्र आवाज नव्हता. बसवराजला दिसलं, की त्यांतल्या बऱ्याच जणींचे डोळे एकाच जागी लागले आहेत. कोणी रांगेतून पाऊल काढलं नाही. तिथे त्यांचं कोणी आहे, असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"फुलाबाई भिमा."

रांगेतली एक उंच, हडकुळी बाई धुराकडे बघत उभी होती. तिच्या केसांत गिरणीचा कापूस अडकलेला होता. बसवराजने तारेला हात घातला आणि तिचं लक्ष जावं म्हणून तार हलवली. तिने बघितलं नाही. शिपायाने बघितलं.

"फुलाबाई भिमा," हवालदार पुन्हा म्हणाला.

"हाजीर," ती म्हणाली.

हवालदाराने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.