तारेच्या टोकावरचा पडदा

काम सांगायला सोपं. पोलादाची बारीक तार स्निग्ध द्रवाच्या थेंबात बुडवायची, थेंबातच पात्याने कापायची आणि लगेच मिठाच्या पाण्यात सोडायची. कापलेल्या टोकावर आपोआप पडदा धरतो. आपल्या पेशींभोवती असतो तसाच, फक्त माणसाने केलेला. मधेच हवा लागली की गेलं सगळं. बावीस वर्षं या प्रयोगशाळेत तारा कापतेय, पण दोन तासांवर टिकलेला पडदा मी पाहिला नव्हता.

आमच्या पोरीला तो पूर्ण दिवस टिकवायचा होता. पोरगी म्हणजे इथली संशोधक, मला मावशी म्हणते. सहा वर्षं हाडाची काडं केली तिने. शुक्रवारी चारपर्यंत जमलं नाही, तर तिची जागा जाणार होती.

मंगळवारी तिला ताप होता, म्हणून तारा मी कापल्या. पडदा तीन दिवस जागचा हलला नाही.

"मावशी, हातगुण तुमचा," म्हणाली, आणि कधी नव्हे ती पोटभर जेवली.

मला मात्र चैन पडेना. आमच्याकडे इतकं सरळ काही होत नाही. शुक्रवारी सकाळी मी थेंब न घेता, नुसत्या पाण्यात तार कापली. पडदा धरलाय की नाही ते दाखवणाऱ्या मीटरवर आकडा तोच. म्हणजे पडदा नव्हताच. या थंडीत हात फार फुटले म्हणून मी मलम लावत होते, आणि तार धरता येत नाही म्हणून हातमोजे काढत होते. तारेवर बसलं होतं ते माझं मलम. एवढ्या वर्षांची अक्कल गेली चुलीत.

पोरीला सांगितलं. रडली असती तर बरं वाटलं असतं. तिने मला साबणाने हात धुवायला लावले आणि नवी तार कापून घेतली. पडदा पाऊण तासात फुटला.

"बरं," एवढंच म्हणाली.

चारला आम्ही दोघी बाईंसमोर उभ्या राहिलो. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख, चुकीला माफी नाही. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलाय. तरी खरं सांगायचं ठरवूनच गेले होते.

"मलम कोणाच्या हाताला होतं?" सगळा प्रकार ऐकून बाईंनी विचारलं.

"माझ्या," पोरगी म्हणाली.

मी बोलायला हवं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माझी जागा जाणारच होती, मावशी. तुमची कशाला घालवायची?"

बाईंनी तिच्या कागदावर 'निष्काळजी' असा शेरा मारला. पुढे जिथे नोकरी मागेल, तिथे तो कागद दाखवावा लागेल. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.