जुंबेचं नाव

माझ्या सख्ख्या भावाने माझा केसाने गळा कापला, तोही भरल्या सभागृहात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुणालाही कळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी झैनब सिद्दी. पनवेलला मुलींच्या शाळेत संगीत शिकवते आणि सवड मिळेल तशा चाली बांधते. माझा रंग आणि केस बघून नवे पालक विचारतात, "बाई, तुम्ही मद्रासकडच्या का?" मी सांगते, "नाही हो, मुरुडकडची. त्याच्या आधी आफ्रिका." मग माणूस घड्याळ बघायला लागतो. मुली माझ्यामागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मास्तरणीला पाठीलाही कान असतात.

थोरला याकूतभाई रूपाने अम्मावर गेलाय. अम्मा कोकणी मुसलमानांतली, उजळ. भाईचा रंगही उजळ, आणि केस दिसू नयेत म्हणून तो डोकं तासूनच असतो. बॅटरीच्या दुकानाच्या पाटीवर त्याने सिद्दी नव्हे, मुरुडकर लिहून घेतलं. मी चिडवायची, "भाई, बॅटरीला कुठे जात लागते?" तो हसायचा. मीही हसायचे. मूर्खासारखी.

आमच्या घरात बापाकडून आलेला एक ढोल आहे. उभा, अख्ख्या खोडातून कोरलेला, त्याला लाकडाचेच पाय. तो तळव्यांनी वाजवायचा. लग्नात नवरी उंबरठा ओलांडते तेव्हा तो वाजतो, एरवी कापडाखाली असतो. आणि वाजवण्याआधी घरातल्या थोरल्याने ढोलावर ओणवं होऊन नावं घ्यायची: याकूत, मुबारक, फरीद, अंबर, जुंबे. भाई, आमचा बाप, आजा, पणजा, आणि जुंबे तो, ज्याला आफ्रिकेतून बोटीत घालून आणून इथे विकला. त्याच्या पलीकडचं कुणाला काही ठाऊक नाही. अम्मा सासरची ही रीत जिवापाड सांभाळायची. म्हणायची, "एक नाव गाळलं तरी चामडं बोलणार नाही."

अम्मा गेली आणि त्या ढोलाचा ठेका माझ्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, पेपर तपासताना, सारखा तोच. एकोणनव्वद साली शाळेचा रौप्यमहोत्सव आला, तेव्हा मी त्याच्यावर एक रचना बांधली. खाली ढोल, वर मुलींचे आवाज. मधे आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या ओढण्याचे हेल. सगळी रचना उभी होती त्या नावांवर. भाई नावं घेणार, आणि 'जुंबे' ऐकलं की मुलींनी सूर लावायचा. गव्हाणची मालू विचारायची, "बाय, याला सम नाय?" मी म्हणायची, "समेला मार गोळी. नाव ऐक. नाव आलं की तू आलीस."

भाई तालमीला रोज यायचा. दुकान बंद करून, हात धुऊन. पहिल्यांदा मुलींनी 'जुंबे'वर सूर उचलला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अम्मा हवी होती गं," म्हणाला. त्या दिवशी मला वाटलं, पाटीवर काय वाटेल ते लिहू दे, माणूस आतून आपलाच आहे. आयुष्यात इतकं सुख मला कशानेच झालं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदक विश्वजीत सर माइकवर म्हणाले, "आता ऐकू या, अरबस्तानातून आलेल्या परंपरेवर आधारित झैनबबाईंची रचना." मी कपाळाला हात लावला. शोभाने, म्हणजे पेटी वाजवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, त्यांना आफ्रिका असंच सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, या माणसाला भूगोल कधी आलाय म्हणून आज येईल.

पडदा वर गेला. भाई ढोलावर ओणवा झाला.

"याकूत. मुबारक. फरीद. अंबर."

आणि त्याने तळवा मारला.

मला वाटलं, विसरला. पण त्याने खाली बघितलं नव्हतं, समोर बघितलं होतं. मी त्याच्या नजरेमागे गेले. पुढच्या रांगेत त्याची बायको बसली होती आणि तिच्या शेजारी महाडचे पाहुणे. त्याच्या मुलीला, नफिसाला, त्यांचं स्थळ आलं होतं. पूर्वज अरबस्तानातून आले हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगतं म्हणे. त्यांना त्याने इथे आणलं आणि मला सांगितलंही नाही. म्हणजे निवेदकाचा भूगोल पक्का होता. शिकवणारा घरचा होता.

ढोल वाजत होता आणि मुली गप्प उभ्या होत्या, नावाची वाट बघत. मालूचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांनी सूर लावला असता. सगळं पार पडलं असतं, आणि जुंबे गेला असता तो गेलाच असता.

मी माइकपाशी गेले आणि म्हणाले, "जुंबे."

मुलींनी सूर लावला. असा लागला की माझ्याच अंगावर काटा आला. भाईने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचे हात अडखळले असते, एकदा जरी चुकले असते, तर मी त्याला माफ केलं असतं. नाही चुकले. आयुष्यात इतकं सुंदर त्याने कधीच वाजवलं नव्हतं.

विंगेत मी त्याला गाठलं. "भाई, का?"

तो टॉवेलने मान पुसत होता. "नफिसाचं नीट होऊ दे, झैनब. एकच तर नाव होतं. बाकी सगळं वाजवलं ना मी?"

उत्तर द्यायच्या आत पाहुणे आत आले. महाडच्या बाईंनी भाईचं कौतुक केलं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "या कोण?"

"आमच्या ओळखीच्या बाई," माझा भाऊ म्हणाला. "शाळेत असतात. ढोलाला कुणी मिळेना, म्हणून मला बोलावलं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते मी आजवर दुसऱ्यांच्या घरांबद्दल म्हणत आले होते.

बाई चांगल्या होत्या, त्यांचा काय दोष. मला म्हणाल्या, "फार गोड बसवलंत हो. ते शेवटचं नाव कुणाचं?"

भाईचा हात मानेवरच थांबला. एका शब्दात मी त्याचं सगळं उधळून टाकू शकले असते, आणि देवाशपथ, तो शब्द माझ्या जिभेवर होता. पण नफिसाला मी कडेवर घेऊन वाढवलंय.

"माझ्या खापरपणजोबाचं," मी म्हणाले. "हबशी होता. गुलाम म्हणून आणलेला. माझा. यांचा काही संबंध नाही."

भाईने श्वास सोडला. त्याला लाज वाटली असती तरी चाललं असतं. त्याला नुसतं हायसं वाटलं. पाहुण्यांना घेऊन तो गेला, आणि ढोल तिथेच राहिला. तो उचलायला दोघं लागतात. दुसरीकडून शोभाने धरला.

घरी आल्यावर मी शोभाच्या मदतीने ढोल मधल्या खोलीत ठेवला. त्याच्यावर ओणवी झाले आणि नावं घेतली. "झैनब, मुबारक, फरीद, अंबर, जुंबे." याकूत गाळला. ठरवून गाळला. मग तळवा मारला आणि थांबले. मला वाटलं, अम्माने सांगितलं तसं होईल, चामडं बोलणार नाही. न बोलो, एवढीच माझी इच्छा होती.

ढोल नेहमीसारखाच बोलला, सभागृहात भाईच्या हाताखाली बोलला होता तसाच. तेव्हा मला रडू फुटलं.