प्लंबरदादाच्या पोटावरची पिशवी

मित्रांनो, गरम पाण्याची रबरी पिशवी म्हणतात ती मीच. मूळची लाल, आताचा रंग विचारू नका. तरुणपणी माझी ऊब अशी होती, की शेजारचं मांजर एकदा माझ्यावर झोपलं ते ऋतू बदलल्यावरच उठलं! खोटं वाटतं? मांजराला विचारा.

माझा मालक प्लंबर, सगळ्यांचा दादा. त्याच्या कानात, जवळ कुणी नसताना, माणसं बोलत, शिव्या देत. घरात त्यांना 'पाहुणे' म्हणायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पाहुणे दबत. पण दादाला दारूची घाई. दारूने ते घटकाभर गप्प बसत आणि मग दुप्पट आवाजात परतत. वर्षानुवर्षं हेच चाललं. दारू सुटायची, घर हसायचं, पुन्हा लागायची.

धाकटी बहीण चिमी बाटल्या शोधून ओतून द्यायची. मग दादाने माझ्यात दारू भरून मलाच बाटली केलं. निमित्त पोटदुखीचं! वास सुटू नये म्हणून माझ्या झाकणात नवाकोरा वॉशर बसवला.

एका दुपारी गोळ्यांवर दारू पिऊन तो मला पोटावर घेऊन आडवा झाला. त्याच्या श्वासाबरोबर मी वरखाली होत होते. हळूहळू ते हलणं मंदावलं. थांबलं. बऱ्याच वेळाने एकदा हललं. मी भीतीने गारठले. गळावं, वास सुटावा म्हणून जिवाचा आटापिटा केला; पण काम दादाच्या हातचं, थेंब सुटेल तर शपथ!

तेवढ्यात चिमी आली. "गार झाली असेल, आण भरून देते." दादा गप्प. तिने मला उचललं. "जगाचे नळ दुरुस्त करतोस, ही गळते म्हणून ओरडून माझा घसा बसला तेव्हा वेळ नव्हता. आणि आता नवा वॉशर?" तिने झाकण फिरवलं मात्र, दारूचा भपकारा आला आणि ती किंचाळलीच, "दादा! अरे दादा, ऊठ ना!"

रुग्णवाहिका आली. दादा थोडक्यात वाचला.

"पाहुणे जातील का हो?" शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं.

"आधी त्यांना दारू पाजणं बंद करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि उपचार आवाजांवर नि दारूवर, दोन्हींवर एकदमच घ्यायचे. एक आधी, एक नंतर, असं नाही चालत."

त्यानंतरही दादा घसरला; पण लपला नाही, स्वतःच चिमीला सांगायला आला. आता बरा आहे. तरी त्याने माझं झाकण उघडलं, की आत काय पडतंय ते कळेपर्यंत माझं रबर आखडतं.

मित्रांनो, घरातलं कुणी असं घसरलं, तर त्याला हिणवू नका. जवळ जा, हाक मारा. आणि ओ आली नाही, तर झोपलाय म्हणून दार लोटून घेऊ नका. मोठ्यांना बोलवा. धावत.