कोंडाजीची चढाई

“चव्वेचाळीस वर्सांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, आन् म्हशीशेजारी उभा राहून हुतुतू-हुतुतू करतोय बघ,” गवराबाई भिंतीपलीकडच्या मंजुळेला सांगत होती. “म्हैस बी वैतागली. धड पान्हा सोडंना. त्येला ऐकू जात न्हाई असं वाटतंय व्हय तुला? समदं जातंय. जाऊ दे.”

कोंडाजीला गोठ्यात सगळं ऐकू जात होतं. पण बोलणार कसा? तोंडातून दुसरा शब्द निघाला की दम तुटला. गवराबाईला हे पक्कं माहीत होतं, म्हणून लेकाची निंदानालस्ती ती नेमकी याच वेळेला करायची. तो हुतुतू म्हणत राही, ती बोलत राही, आणि दोघांत आधी थांबायचा तो तोच. आजही तसंच झालं. नरड्यात काहीतरी खरखरलं, शब्द चिरका झाला, आणि तो म्हशीच्या पाठीवर हात टेकून खोकत उभा राहिला. म्हशीनं मान वळवून बघितलं आणि परत कडब्यात तोंड घातलं.

“संपलं,” भिंतीपाशी गवराबाई म्हणाली. “आता चहा मागंल.”

खरंच मागितला.

थेरगावात एके काळी कोंडाजीच्या दमाची वाखाणणी होती. नदीच्या वाळूत खेळ मांडला की तो समोरच्या गड्यांत शिरायचा, आणि बघणारा चिलीम भरून झुरका घ्यायला लागला तरी याचं हुतुतू चालूच असायचं. तेव्हा छाती म्हणजे आपलीच वस्तू, कधीही उघडावी नि हवं तेवढं काढून घ्यावं, असं त्याला वाटे. आता ती दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वागत होती. सकाळी उठताना गुडघे आधी बोलायचे. मिशीत पहिला पांढरा केस दिसला तो त्यानं उपटला, दुसराही उपटला, मग अशानं मिशीच राहायची नाही हे बघून नाद सोडला. पोट सुटलं नव्हतं. छातीच खाली उतरून त्याच्या शेजाराला आली होती. न्हाव्यापुढं बसलं की न्हावी आरसा जरा लवकरच बाजूला करतो, असाही त्याला अलीकडे संशय येऊ लागला होता.

सायकलवरून पिंपरीला जाता-येता तो बरोबरीच्या माणसांची वयं बघत जाई. हिंदुराव त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा. पण तो नातू मांडीवर घेऊन पारावर बसतो, आणि त्याला कुणी म्हणत नाही की ऊठ, पळून दाखव. आपल्यालाच का पळावं लागतं? याचं उत्तर कोंडाजीला ठाऊक होतं, म्हणून तो प्रश्न चढावर विचारी आणि उतारावर विसरून जाई.

उत्तर साधं होतं. पिंपरीला कारखाना निघाला तेव्हा तो धक्क्यावर लागला. लाकडी पेट्या ट्रकमधून उतरवायच्या, खांद्यावर घेऊन आत न्यायच्या. मग लक्ष्मणराव नावाचे साहेब आले. कामगारांच्या खेळाचं ते बघायचे, आणि खेळाचं त्यांना भारी वेड. त्यांनी हुतुतूचा संघ काढला, कोंडाजीला चढाईला घेतलं, आणि संघातल्या गड्यांना हलकी कामं दिली. कोंडाजी स्टोअरमध्ये बसला. खिडकीतून हत्यारं द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची. संघातून नाव गेलं की परत धक्क्यावर. नियम तोंडीच होता, पण कुणासाठी मोडलेला नव्हता.

आणि मागच्या पावसाळ्यात धाप सुरू झाली. चिंचवडच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, पाठीला लावली आणि सांगितलं, “दम्याची सुरुवात आहे. जड उचलायचं नाही. पळायचं नाही.”

डॉक्टर दोन्ही गोष्टी एका दमात बोलून गेला. पण कोंडाजीला त्यातली एकच पाळता येणार होती. रोज पेट्या उचलायच्या, का वर्षातून एक दुपार पळायचं? त्यानं पळायचं धरलं. अंथरुणात बसून झोपायची वेळ आली तरी कारखान्यात कुणाला कळू दिलं नाही. रंभा रोज रात्री त्याच्या छातीला लसणीचं तेल चोळायची आणि चोळता चोळता म्हणायची, “धनी, वास साऱ्या अंगाला येतोय. कारखान्यात इचारत न्हाईत?”

“लोणचं खातो म्हणतो.”

“रोज?”

“रोज.”

गवराबाईला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला वाटे, पोराला म्हातारपणी खेळाची खाज सुटलीय. रंगपंचमीनंतरच्या रविवारी चिंचवडच्या तालमीबरोबर सामना ठरला, आणि त्या आठवड्यात तिच्या जिभेला जास्तच धार आली.

“मानमोडीच्या साथीत तू पाच वर्सांचा व्हतास,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “गावात घरटी माणूस गेलं. तुला म्या छातीशी धरून वाचवला. ते काय आता चिंचवडच्या पोरांच्या पायाखाली घालायला?”

“आये, खेळ हाय त्यो.”

“मग न्हाई खेळला तर काय आभाळ पडतंय?”

रंभा चुलीपुढून पटकन बोलून गेली, “न्हाई खेळले तर पेट्या उचलायला लागत्यात, आत्याबाई. आन् डागदरनं उचलायची बंदी केलीय. छातीत दमा धरलाय त्येंच्या.”

कोंडाजीनं बायकोकडं असं बघितलं की तिनं पदर तोंडाशी नेला. गवराबाईच्या हातातली भाकरी थापायची राहिली. मग तिनं ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलथली, आणि फुगल्यावरही काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचीच कोंडाजीला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नवं लुगडं नेसून कुठंशी जाऊन आली. रंभेनं विचारलं तर म्हणाली, “देवाला.” गोठ्यातल्या हुतुतूवर त्या दिवसापासून तिनं चकार शब्द काढला नाही.

रविवारी कारखान्याच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. पंचाच्या गळ्यात शिट्टी होती. कोंडाजीनं अंगात बनियन घातलं, अर्धी चड्डी घातली, आणि आपल्या पांढऱ्या पोटऱ्या पोरांच्या काळ्या पोटऱ्यांशेजारी बघून पाय जरा मातीत घासले. समोर दत्तोबा उभा होता. बावीस वर्षांचा, मानेवर बैलासारखं वशिंड. त्यानं एकदा घोटा धरला की गडी परत येत नाही, असं चिंचवडात बोललं जाई.

पहिल्या चढाईला कोंडाजी जपून गेला. कडेच्या पोराला हाताचं बोट लावलं आणि मागं फिरला. कुणी अंगावर आलं नाही. टाळ्या झाल्या. खुर्चीवरून लक्ष्मणराव ओरडले, “वा, कोंडाजीराव!” त्याला क्षणभर बरं वाटलं. डॉक्टरला काय कळतंय, असंही वाटून गेलं.

दुसऱ्या चढाईला तो आत शिरला. फार आत. का शिरला कोण जाणे. टाळ्या कानात होत्या, पाय जुन्या ओळखीनं पुढं गेले. पार मागच्या रेघेपर्यंत पोचला आणि तिथं छातीनं दार लावून घेतलं. हुतुतूमधला हु ओठांवर आला, तू आलाच नाही. दम तुटला. मधली रेघ लांब होती. हातपाय गार पडले, डोळ्यांपुढं बारीक काजवे फिरायला लागले, आणि तो समोरच्या गड्यांच्या मधोमध नुसता उभा राहिला.

आता पंच शिट्टी मारणार. पण त्याच क्षणी दत्तोबानं अशी आरोळी ठोकली, “धराऽऽ! सोडू नकाऽऽ!” की मैदानावर दुसरं काही ऐकू येईना. सगळे ओरडायला लागले. दत्तोबा झेपावला, खाली बसला, त्याचा पंजा कोंडाजीच्या घोट्यावर पडला. कोंडाजीनं डोळे मिटले. पंजा मोठा होता, गरम होता. पण त्यात ताकद नव्हती. झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसा तो घोट्यावरून फिरला आणि सुटला. त्या गलक्यात कोंडाजीनं चोरून श्वास घेतला, घोगरं हुतुतू परत सुरू केलं, आणि लंगडत रेघेवर येऊन पडला.

कारखान्याच्या लोकांनी त्याला उचललं. टोप्या उडाल्या. लक्ष्मणराव स्वतः मैदानात आले आणि त्यांनी त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला. “याला म्हणतात गडी! दत्तोबाच्या हातून सुटला! कोंडाजीराव, पुढच्या वर्षी पुण्याच्या सामन्यात आपण उतरायचं. तुम्ही आहात तोवर मला काळजी नाही.”

कोंडाजीनं मान हलवली. बोलायला वारा नव्हता. स्टोअरची खिडकी वर्षभरासाठी पक्की झाली होती, आणि ती पक्की ठेवायला पुढच्या वर्षी पंचेचाळिसाव्या वर्षी पुण्याच्या पोरांत शिरायचं होतं. तिथलं कोण असा घोटा सोडणार?

खेळ संपल्यावर पाण्याच्या पिंपाजवळ त्यानं दत्तोबाला गाठलं. दंड धरला. दंड त्याच्या दोन्ही हातांत मावेना.

“का सोडलंस?”

“घाम व्हता, नाना. निसटला पाय.”

“माझ्या पायाला घाम येत न्हाई. खरं सांग.”

दत्तोबानं इकडंतिकडं बघितलं, पेला पिंपावर ठेवला. “आज्जी आल्या व्हत्या घरी,” तो हळू म्हणाला. “आमच्या आयेशी बोलल्या. मग मला हाक मारली. नाना, मी न्हाईच म्हणणार व्हतो. पर त्यांनी पदर पसरला. एवढ्या म्हाताऱ्या बाईनं...” तो थांबला आणि एकदम खाली वाकून कोंडाजीच्या पाया पडला. पाया पडला हे त्याहून वाईट झालं.

दत्तोबाची आई म्हणजे कुशाबाई. वीस वर्षांपूर्वी एका लग्नात तिनं गवराबाईला मागच्या पंगतीला बसवलं होतं, आणि तेव्हापासून गवराबाई चिंचवडला गेली तरी त्या आळीला वळसा घालून जाई. त्या घरचं कुंकूसुद्धा तिनं लावून घेतलं नव्हतं. त्या उंबऱ्यावर तिनं पदर पसरला. कोंडाजी सायकल हातात धरून चालतच घरी आला. ती चालवायची छातीत ताकद नव्हती, आणि घरी लवकर पोचायची इच्छाही नव्हती.

गवराबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ऊन उतरलं होतं. तिनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, हाडं जागेवर आहेत ना एवढंच, आणि परत शेंगेला हात घातला.

“कुशाबाईच्या दारात गेली व्हतीस?”

“गेली व्हती.”

“पदर पसरलास?”

“पसरला. फाटका न्हवता.”

“मला इचारलं का न्हाईस, आये?” त्याचा आवाज चढायचा होता, पण वर गेल्यावर तो नुसता शिट्टीसारखा वाजला. त्याला खाली बसावं लागलं. “साऱ्या चिंचवडला ठाऊक झालं. त्या पोरानं माझा पाय असा धरला... असा... जसा काय मी... आन् पाया पडला माझ्या! मी मेलो असतो तिथं तर बरं झालं असतं.”

रंभा दारात येऊन उभी राहिली आणि सासूच्या तोंडाकडं बघून परत आत गेली.

“आन् आता पुढल्या वर्सी पुण्याला,” कोंडाजी म्हणाला. रागाचा सगळा वारा एवढ्यातच संपला होता. “सायेब लई खूश झाला. आता मी काय करू, तू सांग. खेळता येत न्हाई, आन् न खेळता बी येत न्हाई.”

गवराबाईनं मांडीवरची टरफलं झटकली. लेकाजवळ सरकली, त्याच्या पाठीवर हात ठेवून तो श्वास कुठं अडतोय ते बोटांनी चाचपलं, जसं त्या साथीच्या वर्षी चाचपलं असेल. मग हात काढून घेतला आणि शेजारच्या मंजुळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“तुझा खेळ कवाच संपला, कोंड्या. तुलाच तेवढा कळला न्हाई. आता हितनं पुढं खेळायचं ते म्या. कुणाच्या दारात जायचं, कुणाच्या पाया पडायचं, ते माझं मी बघीन, पुण्यात बी बघीन. तू नुसतं तोंड हलवत आत जायचं आन् माझा लेक मला परत आणून द्यायचा. आन् लाज वाटत आसंल तर वाटू दे, मला बी वाटली.”